ट्रॅक्टर त्यांचा, ट्रॉली आमची

आमच्या अंगणात ट्रॉली उभी होती आणि आई डोक्यावरून कडबा आणायची. माझ्या लहानपणाचं चित्र काढायला सांगितलं तर मी एवढंच काढीन. रान घरापासून लांब आणि वाट चढाची. आई आणि दादा पेंढ्या बांधून डोक्यावर घेऊन यायचे, आणि अंगणात पोचले की त्याच ट्रॉलीला टेकून दम खायचे. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. ट्रॉलीला चाकं होती, बाजूचे फाळके होते, काही मोडलेलं नव्हतं. फक्त तिला ओढायला ट्रॅक्टर नव्हता.

ट्रॅक्टर चार घरं सोडून आप्पांच्या दारात उभा असायचा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्याकडं ट्रॅक्टर होता, ट्रॉली नव्हती. तूर बाजारात न्यायची झाली की ते मैंदर्गीहून भाड्यानं ट्रॉली आणायचे. आम्ही भाड्यानं टेम्पो आणायचो. आणि दोन्ही वाहनं गावाच्या एकाच रस्त्यानं, एकामागं एक, धूळ उडवत जायची.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मलाही आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

झालं होतं असं. आजोबांनी ट्रॅक्टर घेतला, मागाहून ट्रॉली घेतली. ते गेल्यावर वाटणी बसली. पंचांनी रान विभागलं, म्हशी विभागल्या, भांडी विभागली. ट्रॅक्टर कसा विभागणार? मग कुणीतरी तोडगा काढला की थोरल्याला ट्रॅक्टर, धाकट्याला ट्रॉली आणि बैलजोडी. सख्खे भाऊच आहेत, लागेल तेव्हा जोडून घेतील. आणि ते काही चुकीचं नव्हतं. सुरुवातीचे हंगाम त्यांनी जोडूनच काढले.

मग निवडणूक आली.

आमच्या गावात दोन पक्ष होते. तालुक्यात आणखी असतील, पण गावात दोनच. नावानं कुणी म्हणत नसे. मारुतीच्या देवळाच्या वरच्या अंगाला एकाचा पार, खालच्या अंगाला दुसऱ्याचा. म्हणून एक वरचे, एक खालचे. दोन्ही पक्ष जुन्या वळणाचे. दोघांच्याही सभा आरतीनं सुरू व्हायच्या. दोघांच्याही भाषणात माती, गाय, रीतभात आणि घरंदाजपणा यायचा, आणि बायकांनी कसं वागावं हे दोन्हीकडचे पुरुष सारख्याच आवाजात सांगायचे. मी लहान असताना आईला विचारलं होतं, की ह्यांच्यात फरक काय? आई विचार करून म्हणाली, "वरचे फेटा बांधत्यात, खालचे टोपी घालत्यात." त्यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सोसायटीच्या निवडणुकीला वरच्यांनी आप्पांना उभं केलं. खालच्यांनी त्यांच्या विरोधातल्या माणसाच्या अर्जावर सूचक म्हणून दादांची सही घेतली. दादा म्हणतात की त्यांना वाटलं, सही तर आहे, त्यात काय. आप्पा थोडक्यात पडले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, आणि ट्रॉली अंगणात आली ती तिथंच राहिली.

गावच असं होतं. दोन चहाची हॉटेलं, दोन डेअऱ्या, दोन गणपती, दोन पिठाच्या गिरण्या. वरची गिरणी आमच्या घराला लागून, भिंतीला भिंत. पण आम्ही खालचे, म्हणून मी दळणाचा डबा घेऊन गावाच्या त्या टोकाला जायचे. तिथली एक वरच्यांची पोरगी त्याच वेळी डबा घेऊन आमच्या शेजारी यायची. वाटेत आम्ही एकमेकींना भेटायचो. डबे बदलून घ्यावेत असं कधी मनातही आलं नाही.

पुढं एक बैल गेला. मग दादा दुसऱ्याचा बैल मागून पेरणी करायचे आणि आई बदल्यात त्यांच्या रानात भांगलायला जायची. आईचं माहेर पलीकडं, कर्नाटकात. चिडली की ती कन्नडमध्ये बोलते. डोक्यावरची पेंढी खाली टाकून ती ट्रॉलीकडं बघायची आणि म्हणायची, "साकु री, साकु." म्हणजे पुरे झालं आता. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

ट्रॉलीचा उपयोग मलाच झाला. आईनं तिच्या बाजूला दोडक्याचा वेल लावला होता, तो वर चढून मांडव झाला. आत पोतं अंथरलं की खोली तयार. घरात एकच खोली आणि तिच्यातच चूल. त्यामुळं माझी दहावी त्या ट्रॉलीत झाली आणि बारावीही. बारावीला मला चांगले गुण पडले. मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे मोठेपणा म्हणूनच सांगते. आमच्या घरात तोवर सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं.

मला कॉलेजला जायचं होतं. अडचण अशी, की तालुक्याला जे कॉलेज होतं ते वरच्या पक्षाच्या संस्थेचं होतं. त्याची पिवळी बस रोज आमच्या दारावरून जायची. आप्पांच्या घरापुढं थांबायची, तिथं वरच्यांची पोरं चढायची. दादा म्हणाले, "त्यांच्या गाडीत पाय ठेवायचा न्हाय. आपलं कॉलेज हुईल तवा जा."

आपलं कॉलेज म्हणजे खालच्या पक्षाचं कॉलेज. त्याचा पायाभरणीचा दगड गावाबाहेर माळावर बसवलेला होता. मी प्राथमिक शाळेत असताना बसवला होता. उन्हाळ्यात मेंढरं राखणारे त्या दगडावर बसून भाकरी खायचे, आणि एरवी त्यावर शेळ्या चढायच्या. दर निवडणुकीला साहेब, म्हणजे खालच्यांचे पुढारी, सांगायचे, यंदा काम सुरू होणार. दादांचा त्यावर खरोखर विश्वास होता. सोलापूरला ठेवण्याची ऐपत नव्हती. मी घरी बसले.

त्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. सकाळी बस जायची, तेव्हा मी मुद्दाम घरात काहीतरी काम काढायचे. तरी आवाज यायचाच.

आणि मग एका सकाळी खालच्या हॉटेलात बातमी आली, की दोन्ही पक्ष एक झाले.

दादा घरी आले ते चेहरा पाडूनच. म्हणाले, "अफवा हाय." दुपारी फोटो आला. दोन्ही साहेब सोलापुरात एका मंचावर, एकमेकाचा हात धरून वर केलेला, एकाच्या डोक्याला फेटा आणि दुसऱ्याच्या टोपी. दादांनी माझ्या हातातला फोन घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"जोडलेला फोटो हाय ह्यो," ते म्हणाले.

आई चुलीपुढनं म्हणाली, "हात तर खरंच धरलेला दिसतोय की."

"फोनवर काय बी करत्यात आता."

"मग तुमचा नि आप्पांचा कराय सांगा एक."

दादा उठून बाहेर गेले.

बातमी खरी होती. दोघांचा मिळून एक नवा पक्ष झाला होता. आपल्या भागाचा, आपल्या मातीचा, असं म्हणत होते. वेगवेगळं लढून दोघांनाही काही मिळत नव्हतं म्हणून ते एक झाले, हे गावातल्या लहान पोरालाही कळत होतं. ते आमच्यासाठी एक झाले नाहीत. पण कुणी कशासाठी का दार उघडेना, आत येणारा उजेड आपलाही असतो. माझं तरी तसं झालं.

आठ-दहा दिवसांत निरोप आला, की नव्या पक्षाची पहिली सभा आमच्या गावात, मारुतीसमोर. दोन्ही साहेब येणार. तयारी करा.

आणि इथं गावानं जे केलं ते आमचंच गाव करू जाणे. वरच्यांनी आपल्या पारापुढं मंच बांधला. खालच्यांनी आपल्या पारापुढं मंच बांधला. भांडण म्हणून नव्हे. आजवर सभा म्हटलं की जो तो आपल्या पारापुढंच मंच बांधायचा. ह्या खेपेला दुसराही बांधेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी बघतो तर देवळापुढच्या पटांगणात समोरासमोर दोन मंच, दोन कर्णे, दोन कमानी. लोक आपापल्या मंचाकडं तोंड करून बसलेले. म्हणजे मधोमध वरच्यांची पाठ आणि खालच्यांची पाठ एकमेकाला लागलेली. एकीकरणाची सभा आणि अख्खं गाव पाठीला पाठ लावून बसलेलं.

साहेब दोघंही एकाच गाडीतून उतरले. गाव हे पहिल्यांदाच बघत होतं. उतरले आणि तिथंच थांबले. फेटेवाले साहेब खालच्या मंचाकडं बघेनात, टोपीवाले वरच्या. बरोबरच्या माणसांची कुजबुज सुरू झाली.

"पयले हितं, मग तितं. निम्मं निम्मं बोला," कुणीतरी सुचवलं.

"मग निम्मी सभा उलटी बसवावी लागंल की."

"मंच सरकवा मधी."

"खांब पुरल्यात. सरकंल कसा?"

शेवटी टोपीवाले साहेबच वैतागून म्हणाले, "अरे, एखादी ट्रॉली आणून लावा मध्ये. तिच्यावर उभं राहून बोलतो."

पण दिवस उसाचे होते. गावातला प्रत्येक ट्रॅक्टर आपापली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागलेला. गावात राहिला होता एकच ट्रॅक्टर, कारण त्याला ट्रॉली नव्हती. आणि राहिली होती एकच ट्रॉली, कारण तिला ट्रॅक्टर नव्हता. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असणार, कारण एकदमच माना वळल्या. वरचे आप्पांकडं बघायला लागले आणि खालचे दादांकडं.

दादा उठले. घराकडं चालू लागले. मी आणि आई देवळाच्या ओट्यावर बायकांत बसलो होतो, आम्हीही मागून निघालो. घरी येऊन दादांनी भिंतीतल्या देवळीतली पिन काढली. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची लोखंडी पिन. ती देवाशेजारी ठेवलेली असायची, आणि दर दसऱ्याला दादा तिला आणि ट्रॉलीला हळद-कुंकू लावायचे. पंप मागून आणून चाकांत हवाही भरायचे. आई म्हणायची, जागेवर उभं राहायला हवा कशाला लागते? दादा पंप मारतच राहायचे. त्या दिवशी त्याचं उत्तर मिळालं.

आई विळ्यानं वेल कापत होती, तेवढ्यात आवाज आला. आप्पा ट्रॅक्टर घेऊन दारात आले. अंगण अरुंद, तोंड वळवायला जागा नाही. ट्रॅक्टर मागंच घ्यायला लागणार होता. आप्पा मान वळवून बघत होते, पण त्यांना ट्रॉलीचा पिन बसवायचा आकडा दिसत नव्हता. दादा पिन हातात धरून उभे. इंजिन चालूच.

मग दादांनी हात वर केला. "घ्या आप्पा, घ्या. अजून घ्या. डावीकडं. तुमच्या डावीकडं."

"मला डावं-उजवं शिकिवतो व्हय?"

"म्हशीच्या गोठ्यात जाईल मग ट्रॅक्टर."

"गोठा हितं कवा आला? आदी नव्हता."

"लई दिवसांनी आलाय तुमी. घ्या. हळू. बास."

पिन बसली. एवढ्या वर्षांनी दोघा भावांत झालेलं हे पहिलं बोलणं. मी शेजारी उभी राहून ऐकलं, म्हणून जसंच्या तसं सांगू शकते.

आप्पा खाली उतरले. ट्रॉली झाडायला आत वाकले तर त्यांना पोतं दिसलं आणि पोत्यावर माझी पुस्तकं.

"ही कुणाची?"

"माजी," मी म्हणाले.

"कंच्या वर्गात हाईस?"

"बारावी झाली. घरीच हाय."

"घरी का?"

मी दादांकडं बघितलं. आई विळा खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या भावाला इचारा की."

दादा पिनेकडं बघत म्हणाले, "आपलं कॉलेज झालं की जाईल."

आप्पा मोठ्यानं हसले. "आरं, पक्ष एक झाला न्हवं? मग आता तेच तुजं कॉलेज की."

दादांना ते पटलं असावं. पण माझे वडील असे, की भावाच्या तोंडचं लगेच मान्य करायचे नाहीत. म्हणाले, "साहेबांनी सांगू दे."

सभा झाली. ट्रॉली पटांगणाच्या मधोमध उभी राहिली, आणि लोकांना नाइलाजानं तोंडं फिरवून एकमेकाकडं बसावं लागलं. फाळक्याला वेलाचा एक तुकडा राहून गेला होता. भाषणभर तो साहेबांच्या धोतराला लागत होता. माती, रीतभात, घरंदाजपणा, सगळं झालं. शेवटी टोपीवाल्यांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का?

ट्रॉलीच्या चाकाशी दगड लावून दादा उभे होते. आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"साहेब, ते वरच्यांचं कॉलेज आता आमचं बी का?"

"तुमचंच. आता वरचं-खालचं काही राहिलं नाही."

"आमच्या पोरीनं जायाचं का मग?"

साहेबांनी फेटेवाल्यांकडं पाहिलं. फेटेवाले पुढं होऊन म्हणाले, "जायाचं म्हणजे? जून लागला की पाठवा. बस दारात येईल."

"आन माळावरचा तो दगड?"

आता हशा पिकला. साहेब काही म्हणायच्या आत मागून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. शेळ्यास्नी लागतो."

दादाही हसले. घरी येताना ते मला एवढंच म्हणाले, "जून लागू दे."

पण जून लांब होता. मध्येच तालुक्याच्या कुठल्याशा जागेवरून दोन्ही साहेबांचं वाजलं, अशी कुणकुण आली. हॉटेलात लोक म्हणायला लागले, दोन महिन्यांत मोडतंय बघा. दादा ते ऐकून घरी सांगायचे. राजकारणातलं मला काही कळत नव्हतं, तरी मी रोज मारुतीला जाऊन सांगायचे, निदान जूनपर्यंत टिकू दे, पुढं तुझं तू बघ.

मधल्या काळात ट्रॅक्टरची पिन निघालीच नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी आप्पा ट्रॉली परत लावायला आले, तर दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिकडंच. उद्या कडबा आणायचाय." त्या वर्षी कांदा दोघांनी मिळून सोलापूरच्या बाजारात नेला. आईच्या डोक्यावरची पेंढी उतरली ती कायमची. आईनं दोडक्याचा वेल नंतर गोठ्यावर चढवला.

आणि पक्ष टिकला. जूनमध्ये आप्पा आणि दादा दोघंही मला घेऊन तालुक्याला गेले. प्रवेश घेताना खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "पालक कोण?" दोघांनीही "मी" म्हटलं.

पहिल्या दिवशी मी दारात उभी, नवी बॅग, तेल लावून घट्ट वेणी. पिवळी बस आली आणि माझ्यापुढून तशीच गेली. ड्रायव्हरला आमच्या दारात थांबायची सवयच नव्हती. मी बघत राहिले. पण पुढं आप्पांच्या घरापाशी थोरली आई, म्हणजे आप्पांची बायको, रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिथून तिचा आवाज आमच्यापर्यंत आला: "आमची पोरगी मागं ऱ्हायली की रं. आदी तिला घे, मग हलायचं." बस मागं यायला लागली. दादा धावत रस्त्यावर गेले आणि हात वर करून ड्रायव्हरला म्हणाले, "घ्या, घ्या. अजून घ्या. बास."

पुढच्या तीन वर्षांत पक्षातून काही लोक गेले, काही आले. गावात अजून दोन गणपती बसतात, आणि बायकांनी कसं वागावं हे अजूनही पुरुषच सांगतात. त्यातलं मला बरंचसं पटत नाही आणि मी तसं तोंडावर म्हणते. पण गिरण्यांचं मिटलं. आई आता शेजारच्याच गिरणीत दळण टाकते.

आज मी सोलापुरात एका कार्यालयात नोकरीला आहे. इथं लोक पक्षांबद्दल बोलताना मान उडवतात, म्हणतात सगळे सारखेच. असतील. मी मात्र त्या दोघा साहेबांचे, ज्यांनी हात धरून फोटो काढला, मनापासून आभार मानते. थोरल्या आईचे मानते, जी बसपुढं उभी राहिली. आप्पांचे मानते, त्यांनी पुस्तकं कुणाची म्हणून विचारलं. आईचे मानते, तिनं त्या वेळी गप्प राहायचं नाकारलं. आणि सगळ्यांत जास्त दादांचे, कारण भावाशी बोलत नसतानाही दर दसऱ्याला त्यांनी त्या चाकांत हवा भरली.

पदवीदान समारंभाला दोघे भाऊ ट्रॅक्टर-ट्रॉलीनंच आले होते, मागं अर्धी भावकी बसवून. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेली मी पहिली.